मुठीतलं लोखंड

माझ्या सासूबाईंना गेल्या वर्षापर्यंत स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बसायच्या म्हणजे खुर्चीच्या कडेला जरा टेकायच्या आणि लगेच उठायच्या. गॅस बंद आहे ना बघून यायच्या, कडी लागली आहे ना बघून यायच्या, परत टेकायच्या, परत उठायच्या. उभ्या राहिल्या तरी कधी या पायावर, कधी त्या पायावर. आमचे हे म्हणायचे, आईच्या पायाला भिंगरीच आहे, तिचा स्वभावच तसा. मी म्हणायचे, तिचा स्वभाव आणि माझी परीक्षा. दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून इस्त्री करायची, घरी येऊन पाय पसरायचे, तर समोर ही बाई येरझाऱ्या घालतेय. माझं डोकं उठायचं. आई, बसा हो जरा, मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, बसलेच आहे की, आणि चालत राहायच्या.

त्यांचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दवाखान्याच्या तळघरात एमआरआयचं मशीन आहे. मशीन कसलं, खोलीभर चुंबकच ते. त्याच्या अलीकडे एक छोटी खोली, त्यात एक पडदा, एक बाक, भिंतीला कुलपाची छोटी छोटी कपाटं. त्या खोलीत सासूबाई. मशीनमध्ये जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचा सगळा धातू उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. घड्याळ, पट्टा, किल्ल्या, केसातले आकडे, दातांची कवळी, कुणाच्या खिशातलं नाणं. एकदा एकाने पेचकस खिशात तसाच ठेवला होता. तो आत गेला असता तर खिसा फाडून उडाला असता आणि वाटेत कोण आलं ते बघितलं नसतं. त्या दिवशी सासूबाईंनी त्या दांडग्या माणसाला असं काही झापलं, की पलीकडच्या काचेमागे मशीन चालवणारे स्वेटरवाले हसत सुटले. तिथे एसी इतका थंड असतो की ते बाराही महिने स्वेटर घालतात, म्हणून त्यांना सगळे स्वेटरवालेच म्हणतात.

दाराच्या चौकटीपाशी फरशीवर पिवळा पट्टा आहे. त्या पट्ट्याशी आलेल्या प्रत्येकाला सासूबाई एकच गोष्ट विचारायच्या. अंगावर, अंगात, कुठे काही धातू? आणि विचारून झालं की म्हणायच्या, "या दाराशी खोटं बोलायचं नाही. घरी गेल्यावर बोला हवं तेवढं."

घड्याळं-किल्ल्या लोक मुकाट काढून देतात. अडतं ते वेगळ्याच गोष्टींवर. मीसुद्धा आधी हसण्यावारी नेलं होतं, पण सासूबाई रोज घरी येऊन सांगायच्या, तेव्हा ऐकतच राहायचे. चांगली शिकली-सवरलेली माणसं, आणि अंगावर काय काय लपवून आणतात. एका म्हाताऱ्या खलाशाच्या बुटात चांदीचं नाणं होतं. तो म्हणाला, ज्या माणसाचा लांडगा होतो त्याच्यावर चांदीशिवाय दुसरं काही चालत नाही. एका बाईने झग्याच्या शिवणीत सुई घालून घेतली होती, सुई असली की शिवणीच्या वाटेने काही अंगात शिरत नाही म्हणे. कुणाच्या मनगटाला तांब्याची तार, कुणाच्या गळ्यात घोड्याच्या नालेचा तुकडा, कुणाच्या कमरेला शिशाची गोळी. एक कॉलेजात शिकवणारे गृहस्थ होते. त्यांच्या आजीने थडग्याभोवती रोवायचे असतात त्यातला एक खिळा त्यांना लहानपणी दिला होता, का तर गेलेला माणूस परत उठून आला तर लोखंड ओलांडू शकत नाही. गृहस्थ म्हणाले, माझा यावर काडीचा विश्वास नाही. सासूबाई म्हणाल्या, मग द्या. तर देईनात.

आणि सासूबाई त्यांच्याशी वाद घालायच्या. विश्वास नाही म्हणून नव्हे हो. त्यांचा त्या सगळ्यांहून पक्का विश्वास. त्यांचं म्हणणं असं, की चांदी चालते ती ज्यांना अंग आहे त्यांना, म्हणजे लांडगा होणारे, रक्त पिणारे वगैरे. ज्यांना अंगच नाही, नुसतं वारं आहे, त्यांना चांदी काय करणार? त्यांना लोखंडच हवं. तांबं मधल्यांना. आणि सोनं? मी विचारलं. त्या म्हणाल्या, सोन्याला कोणी भीत नाही, भुतंही त्याच्या मागेच असतात.

स्वेटरवाल्यांशीही त्यांची रोज जुंपायची. त्या म्हणायच्या, तुमचं मशीन चांदीकडे ढुंकून बघत नाही, सोन्याकडे नाही, तांब्याकडे नाही. लोखंड दिसलं की मात्र पिसाळतं. म्हणजे लोखंडात काहीतरी आहे की नाही? स्वेटरवाले आधी समजावून सांगायचे, कागदावर आकृती काढायचे. मग एक दिवस त्यांनी हात टेकले आणि म्हणाले, आहे बाई, काहीतरी आहे.

सासूबाईंच्या स्वतःच्या अंगावर तर भंगारवाल्याने तोलून घ्यावं इतकं लोखंड असायचं. ड्यूटीवर सगळं काढून कपाटात ठेवायच्या, सुटल्यावर पुन्हा चढवायच्या. कमरेला एक जुनी किल्ली, तिचं कुलूप कधीच हरवलेलं. अंगठीच्या जागी लोखंडी कडी. उशीखाली कात्री. मला पसंत केलं तेही लोखंडापायीच. बघायला आल्या तेव्हा माझा स्वयंपाक नाही विचारला, शिक्षण नाही विचारलं. मी इस्त्रीचं काम करते म्हटल्यावर चेहरा खुलला. म्हणाल्या, दिवसभर हातात लोखंड असतं तर, चांगली आहे मुलगी. मला आपलं वाटलं, काय साधी माणसं आहेत. नंतर कळलं.

पण त्यांच्या कामाची एक रीत होती, ती मात्र मला पहिल्यापासून आवडली. लोकांनी भीतीपोटी अंगावर बाळगलेली वस्तू त्या कपाटात ठेवत नसत. म्हणायच्या, कुलपात घातली की पहारा सुटला. ती वस्तू त्या मुठीत धरायच्या आणि माणूस बाहेर येईपर्यंत पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभ्या राहायच्या. आत तो ठकठकाट, घुरघुर, माणूस त्या नळकांड्यात निजलेला, आणि बाहेर या मूठ वळून पाय बदलत उभ्या. जाणाऱ्याला सांगायच्या, "जा निर्धास्त. तुझं मी धरून उभी आहे." म्हणून लोक वस्तू काढून द्यायचे. ज्यांना डॉक्टरांनी समजावून उपयोग झाला नाही, तेही द्यायचे. फोन वाजो, कोणी हाक मारो, नाकाला खाज सुटो, मूठ उघडायची नाही. माणूस बाहेर आला की त्याच्या तळहातावर वस्तू ठेवायची आणि म्हणायचं, घे बाबा. झालं. मग पुढचा.

मागच्या वर्षी सासूबाई चालता चालता भिंतीला धरायला लागल्या. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. मग डाव्या कानाला ऐकू कमी यायला लागलं. मग एकदा स्वयंपाकघरात गरकन फिरल्या आणि खालीच बसल्या, भांडं हातातच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कानाची तपासणी केली आणि स्पष्ट सांगितलं. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर गाठ असावी. आहे का, केवढी आहे, कुठे टेकली आहे, हे एमआरआयमध्ये दिसल्याशिवाय मी हात लावणार नाही. दुसऱ्या फोटोंमध्ये हवं तसं दिसत नाही. आणि उशीर केलात तर आधी कान जाईल, मग चेहऱ्याची ती बाजू जाईल, मग त्याच्याही पुढे जाईल.

मला वाटलं, यात काय अडचण आहे? बाईचा जन्म त्याच दाराशी गेला, मशीन घरचं, स्वेटरवाले घरचे, नंबरसुद्धा लावायला नको. तर सासूबाई टाळायला लागल्या. आज गर्दी होती. आज मशीन बिघडलं होतं. आज माझं पोट बरं नाही. मी लॉन्ड्रीतून रजा घेऊन जायचे आणि हात हलवत परत यायचे. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात, बारा मजले वर अडकलेल्या माणसाला धीर देतात, पण आईसमोर त्यांच्या तोंडातून एकच शब्द निघतो. बघू. एक दिवस माझा पारा चढला. मी म्हटलं, आई, जगाला आत पाठवलंत, पोरं पाठवलीत, म्हातारे पाठवलेत, आणि स्वतःची वेळ आली तर हे काय चालवलंय? घाबरता की काय? त्या उठून कडी लागली आहे का ते बघून आल्या. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आता वाटतं, जीभ जरा आवरायला हवी होती, पण माझी जीभ अशीच आहे.

शेवटी मी अक्षरशः हाताला धरून नेलं. त्यांनी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पडद्याआड एकेक वस्तू काढली. किल्ली, कडी, शिवणीतली सुई, बुटातला खिळा, केसातून आकडे निघाले ते निघतच राहिले. मी ट्रे धरून उभी. त्या दवाखान्याचा ढगळ झगा घालून बाहेर आल्या तर एवढ्याशा दिसल्या. पिवळ्या पट्ट्याशी आल्या. स्वेटरवाले काच सोडून बाहेर आले होते, मानाने. त्यांनी हसत हसत सासूबाईंचाच प्रश्न सासूबाईंना विचारला. काय बाई, अंगावर, अंगात, कुठे काही धातू?

सासूबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. एक पाय उचलला, दुसरा टेकवला. मग म्हणाल्या, "माझ्या घोट्यात आहे. लहानपणापासून. खिळ्याचं टोक."

 हे त्यांच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते गेले तरी कळलं नव्हतं. पोटच्या मुलाला माहीत नव्हतं. स्वेटरवाल्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं. इतकी वर्षं ही बाई अंगात लोखंड घेऊन त्या चुंबकाच्या दाराशी उभी होती. त्यांनी सासूबाईंना हळूच दंडाला धरून मागे घेतलं, बाकावर बसवलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. बाई, तुम्हाला कळतं का काही?

मग सगळं बाहेर आलं, बाकावर बसून, डोळे पायाकडे लावून. त्यांना धाकटा भाऊ होता. रांगत होता. त्याच्या पाळण्यात त्यांची आई रोज कात्री ठेवायची, कोणी उचलून नेऊ नये म्हणून. कोणी म्हणजे ज्यांना अंग नाही ते. एक दिवस वडिलांनी दोरी कापायला कात्री घेतली आणि खिडकीत विसरले. त्याच दिवशी पोराला ताप भरला आणि पोर गेलं. तापाने गेलं, हे कोणालाही दिसत होतं. पण त्यांच्या आईला दिसत होती ती खिडकीतली कात्री. त्यानंतर घरात जिथे जागा मिळेल तिथे लोखंड. उंबऱ्यात खिळे, कोपऱ्यात खिळे. त्यातल्याच एका खिळ्यावरून सासूबाई धावताना पडल्या, टोक घोट्यात मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढीशी चीर देऊन काढतो. तर त्यांच्या आईने डॉक्टरांचा हात धरला. म्हणाली, राहू द्या, आता हिला कोणी नेणार नाही.

"म्हणून मी आहे," सासूबाई म्हणाल्या. बस, एवढंच. त्यांना आणखी काही समजावून सांगायचं नव्हतं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की एका जागी उभं राहिलं की ते टोक टोचत असणार. स्वभाव कसला, भिंगरी कसली. बाईच्या पायात खिळा होता आणि मी इतकी वर्षं तिला बसा बसा म्हणून डाफरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायाचा फोटो काढला. टोक होतं, घोट्याच्या आतल्या बाजूला, मोठ्या शिरेला खेटून. मशीन चालू झालं की ते हलणार आणि शीर फाडणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी ते काढायचं, जखम भरली की एमआरआय. सासूबाईंनी चक्क नाही म्हटलं. गाठ राहू दे म्हणाल्या, लोखंड काढणार नाही. आमचे हे बघू म्हणाले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की पुढे गप्प. मग मी सासूबाईंसमोर जमिनीवर बसले आणि त्यांचाच हुकमाचा पत्ता टाकला. म्हटलं, आई, इतक्यांचं तुम्ही धरलंत. तुमचं मी धरते. टोक काढल्यावर डॉक्टरांकडून मागून घेते, जपून ठेवते, आणि तुम्ही आत असाल तोवर मुठीत घेऊन पट्ट्याशी उभी राहते. बाहेर आलात की परत देते, मग गळ्यात बांधा नाहीतर उशीत शिवा.

त्या मग म्हणाल्या, हात बघू. मी हात पुढे केला. इस्त्रीने भाजलेले, घट्टे पडलेले माझे हात. त्यांनी बोटं मिटून बघितली, मूठ दाबून बघितली, आणि तयार झाल्या.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझं नशीब कळेल. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, टोक टाकू नका. त्यांनी नर्सला सांगितलं. नर्सने दुसरीला सांगितलं, आणि तिची ड्यूटी बदलली. मी मागायला गेले तर ट्रे धुऊन पालथा घातलेला, कचरा भट्टीत गेलेला. मी त्या पोरीला काय काय बोलले ते मला इथे सांगवत नाही. ती रडायला लागली, मग मीही रडले. बारीकसं तर होतं हो, ती म्हणाली, गंजलेलं, मला वाटलं घाणच आहे.

सासूबाईंनी शुद्धीवर येताच विचारलं, घेतलंस ना? मी म्हटलं, घेतलं. जखम भरेपर्यंत त्या विचारत राहिल्या आणि मी हो म्हणत राहिले. तोवर इकडे डावा कान पार गेला होता, ओठाची ती बाजू चहा पिताना गळायला लागली होती. खरं सांगितलं असतं तर ही बाई आत गेली नसती, आणि न जाता काय झालं असतं ते आम्हाला समोर दिसत होतं. ह्यांना मी खरं सांगितलं. तेही हादरले. मग मी लॉन्ड्रीच्या मागच्या मोडक्या स्टुलातून एक खिळा उपटला, पक्कडीने टोक तोडलं, गंज चढावा म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, आणि चांगलं तांबूस झाल्यावर काड्यापेटीत घातलं. त्या दिवसांत मलाच स्वस्थ बसवत नव्हतं. इस्त्री करताना दोन शर्ट जाळले. घरी आले की मीच येरझाऱ्या घालायचे, आणि सासूबाई पायाला पट्टी बांधून खुर्चीत बसलेल्या. नीट पाठ टेकून. ते बघूनच मला धडकी भरायची.

ठरल्या दिवशी आम्ही पुन्हा पडद्याआड गेलो. या वेळी काढायला फार काही नव्हतं, सासूबाईंनी सगळं घरीच ठेवलं होतं. पट्ट्याशी आल्या. स्वेटरवाल्यांनी विचारलं, आता अंगात काही? नाही, त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि उजवा कान माझ्या बाजूला केला.

"आहे ना तुझ्याजवळ?"

मी खिशात हात घातला. काड्यापेटी हाताला लागली. किती सोपं होतं, हो म्हणायचं, आजवर म्हणत आले तसं. पण पायाखाली तो पिवळा पट्टा होता, आणि इतकी वर्षं घरी बसून ऐकलेलं त्यांचं ते वाक्य माझ्या कानात घुमायला लागलं. माझी जीभ, जी कधी म्हणून अडत नाही, ती अडली.

"नाही, आई. टाकलं त्यांनी. त्याच दिवशी. हा दुसराच खिळा आहे, स्टुलाचा."

आमचे हे मागे उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाई बाकावर बसल्या. मी रडत होते, बोलत होते, काय बोलत होते मला ठाऊक नाही. हवं तर माझी इस्त्री आणते, अख्खी, ती धरते, असंही म्हटलं म्हणे. सासूबाईंनी काड्यापेटी माझ्या हातातून घेतली, उघडून बघितली आणि स्वेटरवाल्यांना दिली. हे बाहेर ठेवा, म्हणाल्या, हे माझं नव्हे.  मला वाटलं, संपलं. आता या उठणार, कपडे चढवणार, आणि घरी जाणार.

मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. एकदा एका बाईने त्यांना सुई दिली होती. तिच्या तीन मुलांमधलं एकच जगलेलं, ते आत निजलेलं, आणि ती सुई त्याच्या टोपीतली. सासूबाई ती धरून उभ्या. हाताला घाम आला आणि सुई सटकली. फरशीच्या फटीत गेली की कुठे, दिसेना. खाली वाकून शोधायचं म्हणजे मूठ उघडायची, आणि काचेतून ती आई एकटक सासूबाईंच्या मुठीकडे बघत होती. "मी मूठ तशीच ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "पोरगं बाहेर येईपर्यंत. बाहेर आलं तर भूक लागली म्हणालं."

मी विचारलं, मग त्या बाईला काय दिलंत?

"हात. तिचा हात धरला, तळहात दाबला, घे म्हटलं. तिने बघितलंच नाही. मूठ मिटून पोराला घेऊन गेली."

एवढं बोलून त्या उठल्या. झगा सारखा केला. माझा उजवा हात घेतला, बोटं एकेक करून मिटली, अंगठा वरून दाबला.

"उघडू नकोस. फोन आला तरी."

आणि गेल्या. न धरता, न डगमगता नव्हे, भिंतीला धरतच गेल्या, पण गेल्या. दार बंद झालं. आतून ठकठकाट सुरू झाला. मी पट्ट्याच्या अलीकडे उभी. फोन वाजला, लॉन्ड्रीतून असणार. नाकाला खाज सुटली. आमच्या ह्यांनी पाणी पुढे केलं, मी डाव्या हाताने घेतलं. माझ्या मुठीत काही नव्हतं हे मला माहीत होतं, ह्यांना माहीत होतं, स्वेटरवाल्यांना माहीत होतं, आत निजलेल्या बाईला तर सगळ्यांत आधी माहीत होतं. तरी मूठ सैल करायचा मला धीर होईना. माझा या पायावरून त्या पायावर खेळ चालला होता, आणि हे माझ्याकडे बघत होते. नंतर म्हणाले, अगदी आई दिसत होतीस.

गाठ होती. मोठी होती, पण निघण्यासारखी होती. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन ठरलं. त्या दिवशी त्यांना ढकलगाडीवर निजवून न्यायला लागले, डोक्याला टोपी, हाताला सलाईनच्या सुया. दाराशी त्यांनी गाडी थांबवायला लावली.  झग्याच्या बाहीतून मिटलेली मूठ बाहेर काढली, माझ्या तळहातावर उघडली आणि माझी बोटं मिटून दिली. मी म्हटलं, जा निर्धास्त. 

सकाळची दुपार झाली, दुपार कलली. बाकावर बसवेना म्हणून मी उभीच. ह्यांनी विचारलं, हात दुखत नाही का? मी मान हलवली. मग हे जवळ आले. आयुष्यभर बघू बघू म्हणणारा हा माणूस, त्याने दोन्ही हातांनी माझी मूठ झाकली आणि तसाच उभा राहिला. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत, म्हटलं.

त्या शुद्धीवर आल्या तेव्हा आम्हाला आत सोडलं. चेहऱ्याची एक बाजू हलत नव्हती, डोळा अर्धा मिटलेला. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी आधी मला बघितलं, मग मुलाला, मग आमच्या हातांकडे.

"सोड आता," त्या म्हणाल्या. "हात दुखला असेल."

माझी बोटं लगेच सरळ होईनात.